बंद घरातली पात्रं आणि देवचाराचा घोळ

मालवणातली चार पोरं सध्या एक गेम करतायत. वर्षातून दोनदाच उघडणारं थोरलं घर, चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथे उतरलेली चार चुलत भावंडं, घर विकायच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि सकाळपर्यंत त्यांतला एक जण बेपत्ता. भय आहे, रहस्यही आहे. गेमला अजून नाव नाही, पात्रांची यादी मात्र तयार आहे. तिच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘देवचार : शेवटचा बॉस’, म्हणजे गेमच्या शेवटी ज्याला हरवायचं तो सगळ्यांत मोठा शत्रू. यादी माझ्याकडे आली ती मालवणी शब्द तपासायला. पण देवचार हे भूत की गावाचा राखणदार, असं त्या एका ओळीवरून जे भांडण लागलं ते दोन महिने झाले तरी पुरतं मिटलेलं नाही. त्याची ही पार्श्वभूमी.

झपाटलेल्या घराचा गेम ही काही नवी कल्पना नव्हे. 1980 चा ‘मिस्टरी हाऊस’ नुसत्या रेघांच्या चित्रांचा होता; घरातली माणसं एकेक करून मरत आणि खुनी कोण ते आपण शोधायचं. 1992 च्या ‘अलोन इन द डार्क’मध्ये लुइझियानातली हवेली आली, आणि बाई होऊन आत शिरायचं की पुरुष होऊन, हे खेळणाऱ्यावर सोडलं. 1996 च्या ‘रेसिडेंट इव्हिल’मधलं दार ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. काळ्या पडद्यावर ते सावकाश उघडतं आणि आपण श्वास धरून बसतो. खरं तर तेवढ्या वेळात पुढची खोली डिस्कवरून लोड होत असते. यंत्राची अडचण होती, खेळणाऱ्याला तिची भीती वाटली. खोल्या मोजक्या, दारं बंद, किल्ली भलतीकडेच. त्या काळच्या यंत्रांना झेपेल असं जग म्हणजे हवेलीच.

पात्रांचा विचार करायचा तर 1989 च्या ‘स्वीट होम’पाशी थांबावं लागतं. जपानबाहेर तो अधिकृतपणे कधी विकला गेला नाही. मेलेल्या चित्रकाराच्या वाड्यात भित्तिचित्रांसाठी आलेली 5 माणसं. एकाकडे लायटर, एकीकडे औषधपेटी, एकाकडे कॅमेरा, एकीकडे किल्ली आणि एकीकडे चक्क व्हॅक्यूम क्लीनर, कारण फुटक्या काचा वाट अडवतात. मेला तो मेला, परत येत नाही. किती जण वाचले त्यावर शेवट ठरतो. तिथून पुढे या प्रकारातलं पात्र म्हणजे त्याच्या हातातली वस्तू, असा साचाच पडला. मालवणच्या यादीतही तोच आहे. मुंबईकर भावाकडे मोबाईलचा टॉर्च (रेंज नाही, हे सांगायला नको), गावात राहिलेल्याकडे कोयता, थोरल्या बहिणीकडे किल्ल्यांचा जुडगा, धाकटीकडे आजीने कागदाच्या पुडीत बांधून दिलेला अंगारा. अंगारा 3 वेळाच चालतो.

ही झाली जिवंत माणसं. मेलेल्यांची यादी लांब आहे आणि ती या पोरांनी रचलेली नाही.

हडळ, गिऱ्हा, मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, लावसट, जखीण ही सगळी नावं एका जागी सापडतात ती 1915 साली छापलेल्या, कोकणातल्या लोकसमजुतींच्या इंग्रजी संग्रहात. गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवले गेले आणि त्यांनी उत्तरं लिहून दिली. ज्या गोऱ्या अधिकाऱ्याने ही सामग्री जमवली त्याचा 1909 च्या डिसेंबरात नाशिकच्या नाट्यगृहात खून झाला. पुस्तक दुसऱ्या अधिकाऱ्याने पुरं केलं. आज इंटरनेटवर ‘कोकणातील भुतांचे प्रकार’ म्हणून जे काही फिरतं त्यातलं बरंचसं फिरून फिरून या मास्तरांच्या उत्तरांशी येऊन टेकतं.

ती उत्तरं नीट वाचली की एक गोष्ट टोचते. बहुतेक भुतांना जात आहे, आणि आयुष्यात नेमकं काय अपुरं राहिलं याची नोंद आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो ब्राह्मणाचा मुलगा मुंजा, राहायला पिंपळ. बाळंतपणात, दहा दिवसांच्या आत गेलेली बाई हडळ. समोरून भरलेली, पाठीमागून नुसता सापळा. वारस नाही, क्रियाकर्म नाही, पैशात जीव अडकलेला, तो समंध. बुडून मेलेला गिऱ्हा, रात्रीचा माणसाला खोल पाण्यात ओढतो. पण त्याचा केस हाती लागला तर निमूट चाकरी करतो, असं जुनी माणसं सांगायची. खवीस हा शब्द अरबी, आणि तो बहुतेक ठिकाणी मुसलमानाच्या किंवा हबशाच्या भुतालाच लावलेला. जंजिऱ्याच्या सिद्द्यांचा शेजार ज्या किनाऱ्याला शतकानुशतकं होता तिथे असं भूत तयार झालं, याचं आश्चर्य वाटत नाही. पण 2020 नंतरच्या गेममध्ये ते तसंच्या तसं घेणं म्हणजे जुनी अढी नव्या डब्यात भरणं. पोरांनी खवीस यादीतून काढला, ते बरं केलं. हडळ ठेवली आणि कॅमेरा असा लावलाय की तिची पाठ शेवटपर्यंत दिसू नये. तेही बरं केलं.

याच काळातला आणखी एक गेम इथे सांगायला हवा. 2020 च्या ‘फास्मोफोबिया’त भुताला मारायचं नसतं, ओळखायचं असतं. पुरावे गोळा करायचे, तीन जुळले की नाव सांगायचं. सुरुवातीला त्यात भुतांचे 12 प्रकार होते, जिनपासून जपानच्या युरेईपर्यंत. हे खेळताना मला सारखा घाडी, म्हणजे भूतबाधा ओळखून उतरवणारा गावचा जाणता, आठवत होता. तोही दुसरं काय करतो? तांदूळ पाहतो, कौल लावतो, उजवा की डावा बघतो आणि विचारत जातो : पाण्यातला की झाडातला, घरचा की बाहेरचा, कितव्या पिढीचा. म्हणून यादीत घाडीचं पात्र आहे आणि गेमचा अर्धा भार त्याच्यावर आहे. मात्र त्याच्या हातात वेताचा मार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गेममध्ये दाखवल्याने कोणी पकडून नेणार नाही, पण चौघांनाच ते नको होतं.

घर रिकामं का पडलं हेही पात्रांच्या कहाणीत येतं, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही. कोकणातल्या खोती 1949 च्या कायद्याने गेल्या, 1 एप्रिल 1957 ला कुळं जमिनीची मालक झाली. त्याआधीपासूनच माणसं गिरणीत, गोदीत, परळ-लालबागच्या खोल्यांत गेलेली. मागे राहिलं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर : लोटा (म्हणजे ओसरी), माजघर, वळई, माळा, बाळंतिणीची खोली, मागे मांगर (सामानसुमानाची खोप) आणि विहीर. चतुर्थीला उघडायचं, शिमग्याला उघडायचं, बाकी वर्षभर किल्ली शेजारच्या काकीकडे. सातबाऱ्यावर एकेका घरामागे वीस-पंचवीस नावं, त्यांतली निम्मी वारलेली. समंधाला याहून चांगली जागा कुठे मिळायची?

आता देवचार.

1915 च्या त्या संग्रहात देवचार म्हणजे लग्न झाल्यावर मेलेल्या शूद्राचं भूत. एवढीच ओळ उचलली तर तो हडळीच्या आणि गिऱ्ह्याच्याच रांगेत बसतो आणि पोरांची यादी बरोबर ठरते. पण त्याच नोंदीत पुढे आहे की हे देवचार गावाच्या चारी बाजूंना असतात आणि गाव त्यांना दरवर्षी नारळ, कोंबडा देतं. भुताला कोणी वर्षासन देतं का? मास्तरांनी भूत आणि देव असे दोनच खण दिलेल्या कागदावर उत्तर लिहिलं आणि देवचार भुताच्या खणात पडला, असा माझा कयास आहे.

गावात विचारा. माझ्या आजीपुढे देवचाराला भूत म्हटलं असतं तर तोंडात बसली असती. ‘तो आमचो राखणदार आसा,’ एवढंच ती म्हणायची, आणि तेही हळू आवाजात. कुठे त्याला जागेवालो म्हणतात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री सीमेवरून फेरी. वाट चुकलेल्याला हाताला धरून घराच्या खळ्यापर्यंत, म्हणजे अंगणापर्यंत, आणून सोडतो. त्याला राखण द्यायची, विडी ठेवायची, दारूचा थेंब सोडायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि मागच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. राखण चुकली तर तो रागावतो, हे खरं. पण पगार थकवला तर गुरखाही रागावतो.

मग पोरांनी त्याला बॉस का केलं? मी आधी समजलो की टीव्ही पाहून. तसं नव्हतं. चौघांतला एक ख्रिस्ती घरातला आहे, त्याचं आजोळ गोव्यात. तिथल्या ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सरळ सैतान. धर्मोपदेशासाठी सैतानाला देशी शब्द हवा होता, आणि गावाने ज्याला आधीच कोंबडा दिला होता त्याचंच नाव त्या कामाला लागलं. त्यामुळे त्या मुलाच्या कानावर लहानपणापासून प्रार्थनेत जो देवचार पडला तो शेवटचा शत्रूच होता. त्याने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. दोन आज्या, एक शब्द, आणि मध्ये तेरेखोलची खाडी.

देव आणि भूत यांच्यातली रेघ इथे कधीच पक्की नव्हती, हे सांगायला आरवली पुरेशी आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या त्या गावाचा वेतोबा म्हणजे वेताळ, बाकी मुलखात भुतांचा राजा. आरवलीत तो देवळात उभा आहे, त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. रात्री गावभर फिरून त्या वहाणांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्याला बॉस करायचं कुणाच्या डोक्यातही येणार नाही. देवचाराला देऊळ नाही, मूर्ती नाही, बाजू घ्यायला मानकरी नाहीत. म्हणून तो तावडीत सापडतो.

देवचाराला भूत म्हटलं की इथल्या माणसांना येणाऱ्या चिडीला अलीकडचंही कारण आहे. 2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या घरात तिचं चित्रीकरण झालं. कोकणची बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गात विरोध झाला. पुढे त्याच घरापुढे पर्यटकांच्या गाड्या थांबायला लागल्या आणि मालवणी बोलणारी पात्रं पुण्या-नागपूरपर्यंत लाडकी झाली. विरोध करणाऱ्यांतले काही जण मालिका चुकवत नसत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तेव्हापासून कोकणातलं घर दाखवलं की भूत यायलाच हवं, अशी बाहेरच्यांची सवय झाली, आणि इथल्यांचीही. 2024 मध्ये मुंज्याही मोठ्या पडद्यावर गेला, हिंदीत. त्याला माझी हरकत नाही. मुंजा मुळातच भूत आहे.

बरेच दिवस ओढाताण झाल्यावर यादीतली ओळ बदलली. शेवटचा बॉस आता समंध आहे : घराचा मूळ मालक, ज्याची सही कुणालाच मिळू शकत नाही. देवचाराला जिवाची पट्टी (किती जीव उरला ते दाखवणारी) नाही, हल्ला नाही. नुसता काठीचा ठोका ऐकू येतो, आणि खेळणारा त्या आवाजामागे गेला तर मांगरामागून खळ्यात सुखरूप पोचतो. पळाला तर चकव्यात सापडून पुन्हा विहिरीपाशी. ख्रिस्ती मुलाने या पात्राचं नाव नुसतं ‘राखणदार’ ठेवावं असं सुचवलं. उरलेले तिघे अजून तयार नाहीत.

नवी अडचण राखणीची आहे. काठीचा ठोका सुरू होण्याआधी खेळणाऱ्याने सीमेवरच्या दगडापाशी काहीतरी ठेवायचं असतं. मोबाईलच्या स्टोअरवर गेम चढवताना वयाच्या प्रमाणपत्रासाठी प्रश्न विचारतात : दारू आहे का, तंबाखू आहे का, प्राण्याला मारलेलं दाखवता का. म्हणजे दारू गेली, विडी गेली, कोंबडाही गेला. सध्या फाईलमध्ये नारळ लिहून ठेवलाय.