भाजणे व पोळणे : घरगुती प्रथमोपचार आणि प्रतिबंध (मुंबई)

ज्वाळेने किंवा तापलेल्या वस्तूने त्वचेला होणारी इजा म्हणजे भाजणे. उकळते पाणी, तेल वा वाफ यांनी होते ते पोळणे. बोलताना हा फरक फारसा कोणी पाळत नाही आणि प्रथमोपचार दोन्हींचा एकच : पाणी.

आग विझली तरी त्वचेत शिरलेली उष्णता आतल्या थरांना भाजत राहते. म्हणून भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बहुतेक जण दोन मिनिटांत हात बाहेर काढतात. उशीर झाला असला तरी पहिल्या ३ तासांत याचा उपयोग होतो. चाळीत आणि वस्त्यांत नळ ठरावीक वेळीच येतो. तेव्हा पिंपातले पाणी तांब्याने संथ ओतत राहावे, तेही कमी असेल तर ओला स्वच्छ पंचा वारंवार बदलावा. बर्फ लावू नये, त्याने त्वचेला आणखी इजा होते. लहान मुलाचे बाकी अंग कोरडे व गुंडाळलेले ठेवावे.

सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये, फोड फोडू नयेत. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांपैकी काहीही लावू नये. घरात कोणीतरी वडीलधारे पेस्टची ट्यूब घेऊन धावतेच. पण जखम किती खोल आहे हे त्या लेपाखाली डॉक्टरांना दिसत नाही आणि तो खरवडून काढताना रुग्णाचे हाल होतात. धुतलेले सुती कापड सैल झाकणे पुरे, कापूस नको.

रुग्णाचा बोटांसकट तळवा म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण १ टक्का. मोठ्या माणसाचे १० व मुलाचे ५ टक्क्यांहून अधिक अंग भाजले, किंवा चेहरा, हात, सांधे, जननेंद्रिये भाजली, तर १०८ ला फोन करावा. विजेच्या वा अॅसिडच्या इजेतही तेच. विजेत आधी मेन स्विच बंद. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी, म्हणजे दान केलेली त्वचा भाजलेल्या रुग्णांसाठी जपून ठेवण्याची सोय, सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही ती आहे. मृत्यूनंतर साधारण ६ तासांत त्वचादान करता येते आणि त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही.

एका खोलीच्या घरात ओटा आणि मोरी यांच्यात चार पावलांचे अंतर असते. सकाळी अंघोळीचे कढत तपेले फडक्यात धरून कोणी ती पावले चालते, आणि त्याच लादीवर मूल रांगत असते. ६०° सेल्सिअसचे पाणी सुमारे ५ सेकंदांत खोल पोळते. बादलीत आधी गार पाणी घालावे, कढत पाणी झाकण असलेल्या लहान भांड्यांतून न्यावे, तेवढा वेळ मुलाला कोणी कडेवर घ्यावे. वाफारा घेताना पातेले गादीवर ठेवणे हा अपघाताला सरळ आमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, तो वर चढतो. वास आल्यास दिव्याचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. गॅस बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. सिलिंडरसाठी १९०६ हा क्रमांक आहे. ओट्यापाशी सिंथेटिक गाऊन व लोंबती ओढणी टाळावी. कपड्याने पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावे, वर जाड सुती चादर टाकावी. कढईतले तेल पेटल्यास गॅस बंद करून ताट झाकावे. पाणी ओतले तर पेटते तेल वर उसळते, आणि चाळीत वर पोटमाळ्यावर अंथरुणे असतात.