कॅनडाचं वर्क परमिट: कंपनीला बांधलेलं की ओपन, आधी ते बघा

कॅनडाचं वर्क परमिट काढायचं म्हटलं की लोक फी किती आणि फॉर्म कुठला इथूनच सुरुवात करतात, पण आधी आपण कुठल्या प्रकारात बसतो ते बघा, कारण कागदपत्रं, खर्च, पुढे नोकरी बदलता येणार का, सगळं त्यावरच ठरतं.

मुख्य प्रकार दोन. पहिला एम्प्लॉयर-स्पेसिफिक, परमिटवर ज्या कंपनीचं नाव छापलंय तिथेच काम करायचं. यासाठी बहुतेक वेळा कंपनीला आधी एलएमआयए (परदेशी माणूस ठेवण्यासाठीची सरकारी मंजुरी) घ्यावा लागतो, म्हणजे या जागेवर तिथला माणूस मिळत नाहीये हे सरकारला दाखवून द्यायचं. त्याची फी साधारण एका जागेमागे १००० कॅनेडियन डॉलर, आणि ती कंपनीनेच भरायची, कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे कोणी एजंट एलएमआयएच्या नावाखाली पैसे मागत असेल तर प्लीज देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. त्याच कंपनीच्या कॅनडातल्या शाखेत बदली वगैरे काही केसेसमध्ये एलएमआयए लागत नाही, तिथे कंपनी सरकारी पोर्टलवर ऑफर टाकते, २३० डॉलर भरते आणि तुम्हाला ऑफर नंबर देते.

दुसरा ओपन, यात कंपनीचं बंधन नाही पण तो सगळ्यांना मिळत नाही. तिथे शिकलेल्यांना पोस्ट-ग्रॅज्युएशन परमिट जास्तीत जास्त ३ वर्षांचं, कोर्स संपल्यापासून १८० दिवसांत अर्ज करायचा. तिथे शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्यांच्या नवरा-बायकोला मिळणाऱ्या ओपन परमिटचे नियम जानेवारी २०२५ पासून बरेच कडक झालेत, जुने व्हिडिओ बघून ठरवू नका. आणि बांधलेल्या परमिटवर मालक छळत असेल, पगार दाबत असेल तर त्यासाठी वेगळं ओपन परमिट आहे, त्याला फीसुद्धा नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं आणि बिचारे सहन करत राहतात.

कागदपत्रांत पासपोर्ट, ऑफर लेटर, एलएमआयएची कॉपी किंवा ऑफर नंबर, अनुभवाची पत्रं. पासपोर्टच्या मुदतीपुढे परमिट मिळत नाही, म्हणून मुदत कमी उरली असेल तर आधी रिन्यू करा. फी १५५, ओपनला वर १००, बायोमेट्रिक्स ८५ डॉलर. हॉस्पिटल किंवा लहान मुलांच्या कामाला मेडिकलही लागतं.

अर्ज मंजूर झाल्यावर येतं ते पत्र म्हणजे परमिट नव्हे. परमिट तिथे उतरल्यावर एअरपोर्टवर छापून देतात, काउंटरवरून हलायच्या आधीच नाव, कंपनी, तारीख नीट वाचा, चुकलं असेल तर लगेच ऑफिसरला दाखवा.