म्युअरफील्डच्या सभासदांना नेमकं काय हवं होतं?

मे २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या म्युअरफील्ड गोल्फ क्लबात मतदान झालं. महिलांना सभासद करून घ्यावं या बाजूने ३९७ मतं पडली, विरोधात २१९. म्हणजे मत देणाऱ्यांपैकी ६४ टक्के सभासद तयार होते. पण नियम बदलायला दोन-तृतीयांश मतं लागत होती, म्हणून ठराव पडला.

बाहेर याची चर्चा पुरुषी हट्ट म्हणून झाली, आणि ती योग्यच होती. तरी विरोधकांनी सभासदांना पाठवलेल्या पत्रातले मुद्दे बघण्यासारखे आहेत. महिला आल्या तर खेळाचा वेग मंदावेल, फोरसम मोडेल, दुपारच्या जेवणाची घडी विस्कटेल. गोल्फच्या भांडणात जेवण कुठून आलं, हे समजायला पावणेतीनशे वर्षं मागे जावं लागतं.

१७४४ साली, ज्यांच्यापासून हा क्लब सुरू झाला त्या एडिनबरोच्या गोल्फ खेळणाऱ्या मंडळींना नगर परिषदेने बक्षीस म्हणून चांदीची गोल्फ स्टिक दिली. स्पर्धेसाठी त्यांनी तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे हाती असलेले सर्वांत जुने लेखी नियम हेच. ते जिथे खेळत त्या एडिनबरोजवळच्या लीथच्या माळावर तेव्हा पाचच होल होते. पहिली स्पर्धा जिंकली जॉन रॅट्रे या सर्जनने. माळ सगळ्या गावाचा, मंडळींचं स्वतःचं असं होतं ते जेवणाचं टेबल. पुढच्या सामन्याच्या जोड्या तिथे जुळायच्या, पैजा लागायच्या आणि वहीत रीतसर नोंदल्या जायच्या.

माळावर गर्दी वाढली तसा १८३६ मध्ये क्लब मसलबरोला गेला. तिथलं मैदानही इतर क्लबांबरोबर वाटून घ्यावं लागे. अखेर १८९१ मध्ये म्युअरफील्डला स्वतःचं मैदान झालं, ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलेलं. जाताना मंडळी ओपन ही गोल्फची मानाची स्पर्धाही घेऊन गेली. १८९२ ची ओपन म्युअरफील्डला झाली आणि मसलबरोला ती पुन्हा कधीच परतली नाही. दोन्ही स्थलांतरांमागची ओढ एकच होती: गर्दी नको, वाट बघणं नको, ओळखीची माणसं हवीत. आपल्याकडे जिमखान्याच्या सभासदत्वासाठी वर्षानुवर्षं थांबणाऱ्यांनाही ही ओढ परकी वाटणार नाही.

आणि फोरसम? चार खेळाडू, दोन जोड्या, पण चेंडू दोनच. जोडीतले दोघे एकाच चेंडूवर आळीपाळीने फटका मारतात. एक जण टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारतो तेव्हा त्याचा जोडीदार आधीच पुढे जाऊन उभा असतो. त्यामुळे अठरा होल भराभर संपतात. सकाळी एक फेरी, मग कोट-टाय चढवून भरपेट जेवण, दुपारी पुन्हा फोरसम, असा इथला दिवस. पाहुण्यांना खेळायला मंगळवार आणि गुरुवार. अशा दिवसाची ओढ मला मनापासून कळते. तो जपावासा वाटण्यात गैर काहीच नाही. पण भराभर खेळणं आणि वेळेवर जेवायला बसणं बाईला जमणार नाही, हे कशावरून? तो मुद्दा मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

ओपन भरवणाऱ्या आर अँड ए संस्थेलाही तो पटला नाही. तिच्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबाने २०१४ मध्येच महिलांना दार उघडलं होतं. म्युअरफील्डचा निकाल लागला त्याच दिवशी तिने जाहीर केलं, की महिलांना सभासदत्व नसलेल्या मैदानावर ओपन होणार नाही. तोवर सोळा ओपन भरवलेल्या क्लबाला हा घाव वर्मी लागला. मार्च २०१७ मध्ये पुन्हा मतदान झालं: महिलांच्या बाजूने ४९८, विरोधात १२३. सभासदांना आपला दिवस हवा होता तशी ओपनही हवी होती, आणि आता दोन्हीतून निवड करायची होती. २०१९ मध्ये पहिल्या बारा महिलांना सभासदत्वाचं निमंत्रण गेलं.

ऑगस्ट २०२२ मध्ये महिलांची ओपन पहिल्यांदा म्युअरफील्डला आली. बरोबरी सुटेना म्हणून अठरावा होल पुन्हा पुन्हा खेळला जात होता. चौथ्या खेपेला दिवस जवळजवळ मावळला होता. दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅशली बुहाईचा चेंडू ग्रीनजवळच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीजवळच्या, वाळूच्या खड्ड्यात होता. तिने तो वाळूतून अलगद उचलला, तो होलपासून हातभर अंतरावर जाऊन थांबला, आणि जेमतेम उजेडात तिने करंडक जिंकला.