पोस्टिंग आणि फ्री एजन्सी: इवाकुमाने दोन्ही दारं ठोठावली

जपानी बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) अमेरिकेला निघाला की बातम्यांत दोन शब्द हटकून येतात: पोस्टिंग आणि फ्री एजंट. दोन्हींचा शेवट मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगच्या, करारात होतो, म्हणून ते एकच समजले जातात. पण पोस्टिंगमध्ये जपानी क्लबच खेळाडूला अमेरिकी क्लबांपुढे ठेवतो, त्याच्यावर क्लबचा हक्क अजून असतो. फ्री एजंट झाला की तो सुटलेला असतो.

पिचर हिसाशी इवाकुमाच्या वाट्याला दोन्ही आले, तेही एका वर्षाच्या अंतराने. २००४ मध्ये त्याचा किंतेत्सु क्लब ओरिक्समध्ये विलीन झाला. ओरिक्सकडून खेळायला त्याने नकार दिला आणि तो नव्याने उभ्या राहिलेल्या राकुतेनमध्ये गेला. २००८ मध्ये त्याने २१ सामने जिंकले, फक्त ४ हरले. जपानमधल्या सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कारही मिळवला. संघ मात्र लीगच्या सहा संघांत पाचवा!

२०१० च्या मोसमानंतर राकुतेनने त्याला पोस्ट केलं. तेव्हा अमेरिकी क्लबांची बंद लिफाफ्यातली बोली असायची. ओकलंडची बोली सर्वांत मोठी ठरली, सुमारे १ कोटी ९१ लाख डॉलर. आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय, त्यामुळे हे पैसे खेळाडूचे असं वाटेल. पण ते क्लबला मिळायचे. खेळाडूचा पगार वेगळा ठरायचा, आणि ३० दिवस बोलणी करायची मुभा एकट्या ओकलंडला. दुसऱ्या कुणाकडे जाता येत नसल्यावर घासाघीस कसली करणार? बोलणी फिसकटली, ओकलंडला एक डॉलरही द्यावा लागला नाही आणि इवाकुमा निमूट राकुतेनमध्ये परतला.

पुढच्या मोसमाअखेर तो परदेशात जाण्याच्या फ्री एजन्सीला पात्र ठरला. त्यासाठी क्लबच्या मुख्य संघात नऊ मोसम भरावे लागतात. आता क्लबची परवानगी नको, बोलीही नको. सिअ‍ॅटल मरिनर्सने त्याला एका वर्षासाठी १५ लाख डॉलरला घेतलं. राकुतेनच्या हाती शून्य. २०१३ मध्ये हाच पिचर सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरा आला आणि १२ ऑगस्ट २०१५ रोजी त्याने बाल्टिमोरविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिला नाही. मेजर लीगमध्ये हिदेओ नोमोनंतर असं करणारा तो दुसराच जपानी.

लिफाफे आता गेले. पोस्ट झालेला खेळाडू ४५ दिवस कोणत्याही क्लबशी बोलू शकतो आणि जुन्या क्लबची रक्कम कराराच्या आकड्यावरून ठरते, पगाराव्यतिरिक्त. २०२३ च्या डिसेंबरात ओरिक्सचा पिचर यामामोतोने लॉस एंजेलिस डॉजर्सशी ३२.५ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा ओरिक्सला ५ कोटींहून अधिक मिळाले. सॉफ्टबँक या जपानी क्लबला मात्र पोस्टिंगच मान्य नव्हतं. म्हणून त्यांचा पिचर कोदाई सेंगाला २०२२ चा मोसम संपेपर्यंत थांबावं लागलं. फ्री एजंट म्हणून त्याने न्यूयॉर्क मेट्सशी ७.५ कोटी डॉलरचा करार केला, त्यातून सॉफ्टबँकला काहीच नाही.

पण पोस्ट केलं की क्लबचं भलंच, असंही नाही. पंचविशीच्या आतल्या खेळाडूला अमेरिकेत नवख्यांच्या मर्यादेतच पैसे मिळतात. २३ वर्षांच्या रोकी सासाकीने २०२५ च्या जानेवारीत डॉजर्सकडून ६५ लाख डॉलरचा बोनस घेतला. त्याच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे साधारण १६ लाखांवर, त्याच्या लोत्ते क्लबने त्याला जाऊ दिलं.