सौर कृषी पंप: विहीर शेतात आहे, पण सातबाऱ्यावर आहे का?

रात्रपाळीच्या विजेवर अंधारात दारं धरणाऱ्याला दिवसा चालणाऱ्या सौर पंपाचं मोल सांगावं लागत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत किमतीच्या १० टक्केच रक्कम शेतकऱ्याने भरायची, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. तरीही अर्ज परत येतात, आणि मी पाहिलेल्या अर्जांत अडलं ते पैशापाशी नव्हे, सातबाऱ्यापाशी.

योजनेला पाण्याचा शाश्वत स्रोत लागतो: विहीर, बोअर, शेततळं किंवा शेजारून वाहणारी बारमाही नदी. विहीर आजोबांनी खोदलेली, उन्हाळ्यातही पाणी टिकतं, पण उताऱ्यावर तिची नोंदच नसते. मग कागदोपत्री विहीर नाहीच. म्हणून पोर्टल उघडण्याआधी तलाठ्याकडे नोंदीसाठी अर्ज द्या, पोच घ्या आणि नोंद झाल्यावरच नवा उतारा काढा.

त्याहून चिवट अडचण सामाईक सातबाऱ्याची. बाकीच्या सगळ्या हिस्सेदारांचं ना हरकत पत्र मुद्रांक कागदावर लागतं. बहिणी सासरी, एक भाऊ शहरात, चुलते वारलेले आणि त्यांची वारसनोंद राहिलेली. गेलेल्या माणसाची सही कुठून आणणार? आधी वारसनोंदच करावी लागते. वर्षानुवर्षं रखडलेल्या फेरफाराचे हेलपाटे म्हाताऱ्या माणसांनी घालावेत, हे मला अजिबात पटत नाही. पण आज तरी दुसरी वाट नाही, म्हणून हे काम सगळ्यांत आधी हाती घ्या.

अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, ५ एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ एचपी पंप मिळतो. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. घाईत हेक्टरला एकर समजू नका. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो, मोठा नाही.

आधार, पासबुक, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला, एवढं सोपं आहे. गाव डार्क झोनमध्ये, म्हणजे भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागात, असेल तर भूजल विभागाचं ना हरकत पत्रही लागतं. अटल किंवा मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेतून आधी पंप घेतलेल्यांना पुन्हा मिळत नाही.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर भरायचा. हिश्श्याची रक्कम मागणी आल्यावर तिथेच भरा. ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात रोख देऊ नका. पुरवठादार यादीतून तुम्हीच निवडायचा असतो. दुरुस्तीची हमी ५ वर्षांची आहे, तेव्हा पंप बंद पडल्यावर कोणाची माणसं खरंच शेतापर्यंत येतात, हे आधी पंप बसवलेल्या शेजाऱ्यांना विचारा आणि मगच नाव निवडा.