जुनी पोर्शे आणि छोटी यारिस

‘हॅचबॅक कितीही नवी असो, जुन्या स्पोर्ट्स कारला गाठणार नाही’ हा समज आता सोडायला हवा. १९८४ची पोर्शे ९११ कॅरेरा घ्या. ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, युरोपात २३१ अश्वशक्ती, शून्यावरून १००चा वेग ६.१ सेकंदांत. २०२०च्या टोयोटा जीआर यारिस या हॅचबॅकचं इंजिन निम्म्या आकाराचं, तीनच सिलिंडरचं. तरी इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोमुळे युरोपात २६१ अश्वशक्ती. ताकद चारही चाकांना जाते, त्यामुळे सुटताना चाकं जागेवर फिरत नाहीत आणि १००चा वेग ५.५ सेकंदांत येतो. शिवाय त्या कॅरेरात जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएससुद्धा नव्हतं! कमाल वेगात मात्र पोर्शेच पुढे: ताशी २४५ विरुद्ध २३० किलोमीटर. आणि मागच्या इंजिनाचा तो आवाज मला आजही जास्त प्रिय आहे.