छापाचित्राचा ‘पहिला’ क्रमांक

मर्यादित आवृत्तीच्या छापाचित्रावर १/२५० असा क्रमांक असेल तर ते सर्वांत आधी छापलेले व म्हणून सर्वांत मौल्यवान, हा समज संग्राहकांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरलेल्या चित्रांबाबत तो एकेकाळी रास्त होता, कारण दाबाखाली रेषेची कड झिजते. मात्र जाहिरातींची चित्रे काढत पुढे आलेल्या अँडी वॉरहॉलने १९६२ पासून वापरलेल्या स्क्रीनप्रिंटमध्ये शाई ताणलेल्या जाळीतून कागदावर उतरते आणि अडीचशे प्रतींत जाळी सहसा तशी झिजत नाही. शिवाय एकेक रंग साऱ्या कागदांवर चढवून, वाळवून मगच क्रमांक पडतात. तोवर गठ्ठ्याचा मूळ क्रम कुणी सांभाळलेला नसतो. वॉरहॉलच्या १९६७ च्या, अभिनेत्री मॅरिलिन मन्रोच्या चित्रांच्या संचातील क्रमांक तर मागील बाजूस चक्क रबरी शिक्क्याने उमटवलेले आहेत. पाहायचेच असेल तर रंगांची टवटवी, कागदाच्या कडा आणि पेन्सिलीची सही पाहावी.